चाळणीतून आलेला आवाज

मोटरसायकल महिमानगडाच्या पायथ्याशी, शेवटच्या घरामागे उभी करून हेमांगी शेलार पाठीवर सॅक घेऊन वर निघाली. गाडी आणखी थोडी वर नेता आली असती. पण विजेवर चालणारी गाडी उभी असतानाही आतल्या आत गुणगुणत असते, आणि माणसाच्या कानाला न जाणवणारी ती गुणगुण रेडिओला मात्र लगेच कळते. म्हणून दर रविवारी ती गाडी खालीच ठेवायची आणि दुखऱ्या गुडघ्यानं गड चढायची.

वर पोहोचल्यावर तिनं घडीचा दांडा उलगडून दोन दगडांच्या बेचक्यात रोवला, त्याच्या टोकावरून तार दोन्ही बाजूंना उतरवली आणि रेडिओ सुरू केला. खरखर आली. मोठ्या धबधब्याखाली उभं राहिल्यावर येतो तसा, भरून राहणारा आवाज. त्यात माणसाचा आवाज असेल असं कुणालाही वाटलं नसतं. मग तिनं रेडिओशेजारच्या छोट्या काळ्या डबीचं बटण दाबलं. खरखर विरली आणि यशोधन बोंद्रे शेजारी बसल्यासारखा बोलू लागला.

"गुड मॉर्निंग हेमा. फाइव्ह-नाइन येतेस, एकदम स्पष्ट. कुठं आहेस आज? ओव्हर."

"महिमानगड. चढताना बुटात बाभळीचा काटा घुसला, अजून निघत नाहीये. तू? ओव्हर."

थोडा वेळ गेला. आजकाल त्याच्याकडून उत्तर यायला वेळ लागायचा.

"मी सड्यावर, वरच्या उघड्या पठारावर. वारा मस्त आहे गं. इथंच तंबू ठोकावा आणि चहा टाकावा असं वाटतंय. ओव्हर."

हेमांगी हसली. छप्पन्न वर्षांची, एकटी, गडाच्या उघड्या माथ्यावर हातात माइक धरून ती मोकळेपणानं हसली.

त्यांचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याआधी दोघं मोटरसायकलवरून अर्धा देश फिरले होते. यशोधन मोटरसायकलींच्या सहली काढायचा, लडाख, स्पिती, अरुणाचल. तिथल्या खिंडींमध्ये फोन चालत नसत, म्हणून दोघांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. पुढं त्याचंच वेड लागलं. डोंगर दिसला की गाडी थांबवायची, वर चढून तार टाकायची आणि जगात कोण ऐकतंय ते बघायचं. यशोधनचं बोलणं असं की एकदा माइक हातात आला की समोरचा अनोळखी माणूसही तासभर हलत नसे.

घरात मात्र त्यांचं जमत नव्हतं. तिची आई गेली तेव्हा तो स्पितीत एका गटाला घेऊन गेला होता. निरोप पोहोचूनही तो आला नाही. आल्यावर त्यावर बोलला नाही. दिवसचे दिवस बोलणारा माणूस तेवढ्या एका गोष्टीवर गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यातच त्यांचं लग्न संपलं. तो चंदगडकडं एका वाडीत काजूची बाग घेऊन राहायला गेला. ती नोकरी संपल्यावर पुण्याहून साताऱ्याला आली. फोन करायचा नाही, हे न बोलताच ठरलं होतं. पण दर रविवारी सकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, दोघांनी आपापल्या डोंगरावरून एकमेकांना हाक मारायची, हेही तसंच न बोलता सुरू राहिलं होतं. ओव्हर म्हटल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही, त्यामुळे भांडण होत नाही, असं यशोधन एकदा म्हणाला होता.

मग रस्ते बदलले. मोठ्या रस्त्यांच्या पोटात तारांची वेटोळी पुरली गेली आणि त्यांवरून जाणाऱ्या गाड्या चालता चालताच चार्ज होऊ लागल्या. पेट्रोल पंप ओस पडले, हवा स्वच्छ झाली, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचं कारण नव्हतं. फक्त त्या वेटोळ्यांतून उठणाऱ्या लहरींचे अंश सगळ्या लघुलहरींच्या पट्ट्यांवर पसरले. आधी शहरं गेली, मग तालुक्याची गावं. हळूहळू रेडिओवर फक्त खरखर उरली. साताऱ्याहून निघालेली लहर आकाशात जाऊन वरच्या विद्युतभारित थरावर आपटून चंदगडला खाली उतरत होतीच, पूर्वीसारखीच. पण ती ज्या गोंगाटात उतरत होती, त्यात ती सापडत नव्हती. रस्त्यांपासून दूरच्या डोंगरमाथ्यांवर तेवढी थोडी शांतता उरली होती, आणि दरवर्षी तीही कमी होत होती. एकेक करून हौशी मंडळींनी अँटेना उतरवल्या.

हेमांगीनं हार मानली नाही. आयुष्यभर तिनं गोंगाटातून सिग्नल शोधण्याचंच काम केलं होतं. तिनं दोन डब्या बनवल्या आणि त्यांना नाव दिलं चाळण. युक्ती अशी होती. अनोळखी माणूस गर्दीत काही बोलला तर आपल्याला कळत नाही, पण आपल्या माणसाचं अर्धं वाक्य कानावर पडलं तरी उरलेलं आपण समजून घेतो, कारण तो काय म्हणेल याचा आपल्याला अंदाज असतो. चाळणीला तोच अंदाज शिकवायचा. हेमांगीकडे दोघांच्या जुन्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं होती, सहलींपासूनची, शेकडो तासांची. एका चाळणीला तिनं यशोधनचा आवाज शिकवला, दुसरीला स्वतःचा. त्याची चाळण कुरिअरनं पाठवून दिली. त्यानंतर कितीही खरखर असली तरी दोघं स्पष्ट ऐकू येऊ लागले.

गेल्या वर्षभरात तर यशोधन पूर्वीसारखा झाला होता. घटस्फोटानंतर त्याच्या बोलण्यात जो कोरडेपणा आला होता तो गेला होता. तो तंबूबद्दल बोलायचा, चहाबद्दल, खिंडीतल्या बर्फाबद्दल. 'हेमा' म्हणायचा. बातम्या, राजकारण, काजूचा भाव यांबद्दल मात्र काही बोलत नसे. हेमांगीला वाटलं, वय होतंय, माणूस जुन्यात रमतो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी तिनं तो प्रश्न विचारला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "आई गेली तेव्हा तू स्पितीला होतास. का आला नाहीस रे? मला फक्त ऐकायचंय. ओव्हर." विचारता विचारता तिला रडू फुटलं होतं. उत्तराला खूपच वेळ लागला. मग आवाज आला, "जाऊ दे गं हेमा. तू बरी आहेस ना? ते महत्त्वाचं. ओव्हर." हे काही उत्तर नव्हतं. पण त्या आवाजातला ओलावा तिला खरा वाटला, आणि घरी येताना गाडीवर तिचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

आज महिमानगडावर तिनं विचारलं, "यशू, मी येऊ का तुझ्याकडे? गाडीवरून. चार दिवस राहीन म्हणते. ओव्हर."

पुन्हा बराच वेळ.

"ये की. रस्ता छान आहे. वाट बघतो. सेव्हन्टी-थ्री." रेडिओवाल्यांचा तो निरोपाचा आकडा होता.

*

साताऱ्याहून महामार्गाला लागल्यावर गाडीच्या काट्यानं चार्ज घेत असल्याची खूण दाखवली. दोन्ही बाजूंनी ट्रक, बसगाड्या, मोटारी एका संथ घुमाऱ्यात चालल्या होत्या. संकेश्वरला ती महामार्ग सोडून गडहिंग्लजच्या रस्त्याला लागली. नेसरीच्या पुढं झाडी दाट झाली, वळणं सुरू झाली, आणि तिला आपण पुन्हा तिशीत आल्यासारखं वाटलं. यशोधनला काय सांगायचं याची ती मनातल्या मनात वाक्यं करत होती. साताऱ्याचं घर विकता येईल, असंही एक वाक्य त्यात होतं.

काजूच्या बागेच्या टोकाला पत्र्याचं ठेंगणं घर होतं. अंगणात त्याची जुनी पेट्रोलची मोटरसायकल उभी होती. दारापाशी भांडी घासत बसलेली एक बाई हात पुसत उठली. ती शेवंता गावडे, शेजारच्या घरातली, यशोधनचा स्वयंपाक करायची.

"तुमी साताऱ्याच्या बाई न्हवं?" ती म्हणाली. "या. सर बागंत हाईत."

"मी येणार असं बोलले असतील ना ते?"

शेवंता तिच्याकडे बघत राहिली. "बोलले? कोण, सर?"

तेवढ्यात यशोधन झाडांमधून आला. वाळला होता, पण चाल तीच होती. हेमांगीला बघून तो जागच्या जागी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. वाट बघणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"यशू," ती म्हणाली.

त्याचं तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. "हे... हेम. ते... ते पा... रस... रस..." त्याची मान ताठ झाली, कपाळावर शीर आली. "न्... ना. ते." त्यानं हात झटकला आणि डोळे मिटून घेतले.

हेमांगीला क्षणभर वाटलं, त्याला आत्ताच काहीतरी होतंय. तिनं पुढं होऊन त्याचा दंड धरला. "यशू, बस. शेवंताबाई, जवळ डॉक्टर कुठं आहे?"

"अवो बाई, ह्ये आत्ताचं न्हाई," शेवंता म्हणाली. "दोन उन्हाळं झालं. माज्या जावयानं बेळगावला न्हेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणालं, मेंदूतला बोलायचा भाग वाळत चाललाय. औषध न्हाई. समजतं त्यांना समदं, पण बोलाय येत न्हाई. लिवायला बसलं तरी तसंच." मग तिनं विचारलं, "दर आयतवारी डोंगरावर जाऊन तुमच्यासंगं बोलत्यात न्हवं? तुमाला ठावं नव्हतं?"

*

दुपारी यशोधन झोपल्यावर हेमांगी ओसरीवर आपली चाळण घेऊन बसली. डबीत प्रत्येक रविवारचं मूळ मुद्रण साठलेलं होतं, चाळण्याच्या आधीचं, खरखरीसकट. ते कधी ऐकावं असं तिला वाटलंच नव्हतं. धान्य निवडून झाल्यावर खडे कोण बघत बसतं.

काय झालं असणार ते तिला मूळ मुद्रण न ऐकताही कळलं होतं. चाळण दोन गोष्टींची सांगड घालत असे, कानावर आलेलं आणि आधीपासून ठाऊक असलेलं. आलेलं स्पष्ट असेल तेव्हा ती त्यावर विश्वास ठेवायची. ते अंधुक झालं की ठाऊक असलेल्यावर जास्त भर द्यायची. सगळी माणसं असंच ऐकतात. पण यशोधनचे शब्द मोडू लागले तेव्हा त्या तुकड्यांशी जुळणारं असं चाळणीला काही सापडेना. त्याच्या आयुष्यभराच्या मुद्रणांत तो कधी अडखळलाच नव्हता. चाळणीच्या लेखी अडखळणं म्हणजे गोंगाट. तो तिनं काढून टाकला, आणि त्या जागी यशोधन एरवी काय म्हणाला असता ते ठेवलं. शंका आली तर लाल दिवा लागावा अशी सोय हेमांगीनं केली होती. पण तो दिवा आवाज यशोधनचाच आहे की नाही एवढंच तपासायचा. आवाज यशोधनचाच होता. दिवा कधी लागला नाही.

तिनं उन्हाळ्याच्या सुरुवातीचा तो रविवार काढला आणि हेडफोन लावला.

खरखर. तिच्या प्रश्नानंतर लगेच, अजिबात वेळ न घेता, खरखरीच्या तळाशी काहीतरी हललं. तो बोलत होता. 'जाऊ दे गं हेमा' म्हणायला लागतात तेवढे दोन-तीन क्षण नव्हे, तो बोलतच राहिला होता. तिला जी शांतता वाटली होती ती सगळी त्याच्या बोलण्यानं भरलेली होती. थांबत, पुन्हा सुरू करत, धडपडत. चाळणीनं ते सगळं पुसून शेवटी एक वाक्य दिलं होतं. हेमांगीनं पुन्हा पुन्हा ऐकलं. आपल्याला येत असलेली सगळी तंत्रं लावून पाहिली. 'हेम' एवढं दोन-तीनदा आल्यासारखं वाटलं. बाकीचं खरखरीत होतं आणि खरखरीतून ते कुणालाही काढता आलं नसतं. जे पोहोचलंच नव्हतं ते शोधून मिळणार नव्हतं.

*

संध्याकाळी दोघं अंगणात बसले. शेवंतानं चहा आणून दिला आणि ती घरी गेली. हेमांगीनं त्याला सगळं समजावून सांगितलं, चाळणीनं काय केलं ते. तो शांतपणे ऐकत होता.

"तुला कळलं होतं?" तिनं विचारलं. "मी भलत्याच बोलण्याला उत्तरं देतेय, हे?"

त्यानं मान हलवली. हो.

"पहिल्यापासून?"

त्यानं हाताचा पंजा हवेत इकडेतिकडे कलता केला. पहिल्यापासून नाही, पण लवकरच.

"मग तरी का जात राहिलास वर? रविवारच्या रविवारी? मला कळवायचं कुणाकडून तरी. शेवंताबाईंना फोन लावायला सांगायचं."

तो बोलायचा प्रयत्न करू लागला. हेमांगीला ते बघवेना, पण नजर वळवणं त्याहून वाईट झालं असतं. त्यानं एक बोट कानावर ठेवलं, मग ते तिच्याकडे वळवलं. "तू," तो म्हणाला. "तू... ह... हस. हसत." आणि ते बाहेर पडल्याचा त्याला इतका आनंद झाला की त्यानं पुन्हा म्हटलं, "हसत. तू."

तो वर जात होता तो ती हसते म्हणून. त्याच्या नावानं दुसरंच कुणी बोलत होतं, आणि त्या दुसऱ्याला ती हसून उत्तर देत होती, आणि ते ऐकायला हा माणूस तोतरे शब्द घेऊन डोंगर चढत होता.

तिच्या मनात एकदम काहीतरी आलं. ती उठून आत गेली, त्याची चाळण शोधली आणि तोच रविवार, त्याला ऐकू आला तसा, चाळून लावला. त्या डबीला तिनं स्वतःचा आवाज शिकवला होता, सहलींवरच्या मुद्रणांतून. त्या सहलींत ती माइकवर कधी रडली नव्हती.

डबीतून तिचा स्वतःचा आवाज आला, तरुण, खेळकर. "तू स्पितीला होतास तेव्हाची मजा आठवते का रे? मला सगळं ऐकायचंय. ओव्हर." आणि त्यापुढे, जिथं ती हुंदके देत होती तिथं, तिचं हसणं. खळखळून, पोटातून आलेलं.

ती आतल्या अंधारत चाललेल्या खोलीत डबी हातात घेऊन उभी राहिली. त्याच्यापुरता तिनं तो प्रश्न विचारलाच नव्हता. त्यानं उत्तर दिलंच नव्हतं. तो बहुधा स्पितीतल्या बर्फाबद्दल बोलला असेल, आपल्या मोडक्या शब्दांतून तिला एक जुनी आठवण सांगायचा प्रयत्न करत राहिला असेल, ती हसतेय म्हणून.

बाहेर तो बसलाच होता. आता विचारता आलं असतं. समोरासमोर, मध्ये कुठलीही डबी नसताना. त्याला प्रश्न समजला असता. आणि मग त्यानं उत्तरासाठी पुन्हा तसं तोंड उघडलं असतं, कपाळावर पुन्हा ती शीर आली असती, रात्रभर तो शब्द शोधत राहिला असता.

ती बाहेर आली तेव्हा "काय?" असं त्यानं भुवयांनीच विचारलं.

"काही नाही," हेमांगी म्हणाली. "तुझी डबी नीट चालतेय का ते बघितलं. छान चालतेय."

*

चार दिवस ती राहिली. सकाळी त्याच्याबरोबर मिरीच्या वेलांना पाणी घालायची, दुपारी बेळगावच्या डॉक्टरांची फाइल वाचायची. पुण्यातल्या ओळखीच्या एका डॉक्टरशीही ती बोलली. त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही. पुढे समजणंही कमी होत जाईल, मग माणसं ओळखणं. किती वेळात ते सांगता येत नाही.

"मी इथंच राहते," चौथ्या दिवशी ती म्हणाली. "साताऱ्याला माझं असं काही अडलेलं नाही."

यशोधननं मान हलवली. नाही. ती पुन्हा म्हणाली तेव्हा तो उठला, अंगणात जाऊन तिच्या गाडीच्या सीटवर हात ठेवला आणि उत्तरेकडे बोट दाखवलं. मग मूठ तोंडाजवळ नेऊन माइक धरल्यासारखी धरली.

भाजी निवडत बसलेली शेवंता म्हणाली, "आयतवारी बोला म्हणत्यात. हितं नगं. तितनं."

"का पण?"

याचं उत्तर देणं त्याला शक्य नव्हतं आणि शेवंतालाही ते ठाऊक नव्हतं. हेमांगीला मात्र कळल्यासारखं वाटलं. या चार दिवसांत ती एकदाही हसली नव्हती. त्याच्यासमोर, त्याच्या तोंडाकडे बघत, ती हसू शकत नव्हती. ते त्यानंही पाहिलं होतं.

निघताना तिनं त्याची चाळण उघडली. आतला प्रोग्रॅम बदलून अंदाज काढून टाकणं हे थोड्या वेळाचं काम होतं. मग डबीतून जेवढं खरं पोहोचतं तेवढंच ऐकू आलं असतं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिनं डबी तशीच बंद करून त्याच्या सॅकमध्ये ठेवून दिली. स्वतःची चाळण मात्र साताऱ्याला पोहोचल्यावर कपाटात टाकली.

त्यानंतरचे रविवार असे जात. ती गड चढायची, तार टाकायची आणि बोलायची. रस्त्यात काय दिसलं, गाडीचा टायर कसा झिजलाय, गुडघ्यानं आज किती त्रास दिला. मुद्दाम हसायची नाही, आवाज जसा निघेल तसा. पलीकडे चाळण त्याचं काय करायचं ते करेल. मग ओव्हर म्हणून ती खरखर ऐकत बसायची. तो बोलतोय की नाही, कधी थांबला, काहीच कळायचं नाही. त्याला बोलायला पुरेल असं वाटेपर्यंत ती गप्प राहायची आणि मग पुन्हा सुरू करायची. जवळून जाणाऱ्या गुराख्याला ती बाई माइकशी भांडून रुसल्यासारखी वाटत असेल.

पावसाळ्यात डोंगरांवर धुकं बसलं तरी तिनं खंड पडू दिला नाही. मधूनमधून शेवंताचा फोन यायचा. सर परवा मला ओळखायला चुकले. सरांनी चहात मीठ घातलं. सर गाडीवरनं पडले, पण लागलं नाही, आता जावई त्यांना मागं बसवून डोंगरावर नेतो. दर वेळी ती म्हणायची, "पर आयतवारी जात्यात. त्याबिगर ऐकत न्हाईत."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हेमांगी वारुगडावर गेली. हवा कोरडी आणि स्वच्छ होती आणि खरखर नेहमीपेक्षा थोडी कमी वाटत होती. तिनं बोलून झाल्यावर ओव्हर म्हटलं, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबले आणि डोळे मिटले.

आणि तिला आवाज आला. खरखरीच्या तळाशी, अगदी बारीक. आधी तो हलला, मग त्याला चढउतार आले, मग तो यशोधनचा झाला. "हेमा," तो म्हणाला. ते पूर्ण नाव होतं, तुटलेलं नव्हतं. मग काही कळलं नाही, आणि मग, "यायला हवं होतं. मी यायला हवं होतं."  हेमांगीनं बटणाला हात लावला नाही. आवाज पुन्हा तळाशी गेला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते बऱ्याच वेळानं कळलं.

खाली उतरून गाडीपाशी आल्यावर तिनं स्वतःच फोन लावला. पलीकडे शेवंता होती.

"शेवंताबाई, आज सर बोलले. मी ऐकलं. इतकं स्पष्ट बोलले."

 "बाई, सर आज गेलेच न्हाईत वर. शुक्रवारपासनं ताप हाय. निजूनच हाईत. जावईबी घरातच हाय. मी तुमाला सांच्याला फोन करणारच हुते."

हेमांगी गाडीला टेकून उभी राहिली. दूर पठारावरून जाणारा रस्ता दिसत होता, त्यावरच्या गाड्या उन्हात चमकत होत्या. कानांनाही सवय असते, हे तिनं कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवल्यासारखं तरुण सहकाऱ्यांना समजावून सांगितलं होतं. आलेलं अंधुक झालं की ठाऊक असलेलं पुढं येतं. आणि जे हवं असतं तेही.

"बाई? ऐकताय न्हवं?"

"हो. त्यांच्याजवळ आहात का तुम्ही?"

"हाय की. उश्याशीच बसलेय."

"जागे आहेत?"

"डोळं उघडं हाईत. पर कुनाला बघत्यात ते कळत न्हाई."

"त्यांना सांगा, हेमानं ऐकलं."

"काय ऐकलं म्हणून सांगू?"

"एवढंच सांगा."

शेवंतानं फोन बाजूला धरला असावा. तिचा आवाज लांबून आला, लहान मुलाशी बोलावं तसा, सावकाश. सर, साताऱ्याच्या बाई म्हणत्यात, हेमानं ऐकलं.  मग शेवंतानं फोन पुन्हा कानाशी घेतला.

"सांगितलं," ती म्हणाली. "पर बाई, हेमा कोण, ते त्यांना आता ठावं न्हाई वाटतं."